वाद्य बरं आहे

यशवंत उतेकर गेल्या मार्गशीर्षात, एका गुरुवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास, पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावी राहत्या घरी वारले. वय एकाहत्तर. मागे पत्नी, मुंबईत राहणारी विवाहित मुलगी आणि एक बेस क्लॅरिनेट. शेवटचे तीन शब्द आमच्या कार्यालयाने बातमीतून काढले. निधनवार्तेत वाद्य धरत नाहीत, असं मला सांगण्यात आलं. ते बरोबर आहे.

बातमी चार ओळींची होती. त्यात ते 'निवृत्त वादक' होते एवढंच आलं. गावात त्यांना मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधीच शिकवलं नाही. मुंबईत एका सरकारी बँडमध्ये सव्वीस वर्षं क्लॅरिनेट वाजवून ते गावी परतले, पडवीत टेबल मांडलं आणि लग्नाच्या बँडवाल्यांची क्लॅरिनेटं दुरुस्त करू लागले. तुळशीचं लग्न जवळ आलं की महाड, माणगाव, खेडहून लोक पेट्या घेऊन यायचे. चार महिन्यांच्या पावसात लाकूड फुगलेलं असायचं, चाव्यांखालच्या गाद्यांना बुरशी आलेली असायची. मास्तर पेटी उघडून आधी नुसता वास घेत. "पोटमाळ्यावर ठेवलेलं," असं म्हणत. बहुतेक वेळा ते खरं निघे.

मी महाडला एका दैनिकाचा वार्ताहर आहे. मास्तरांची माझी ओळख एका चुकीमुळे झाली. लग्नसराईआधीच्या बँडवाल्यांच्या तयारीवर मी वृत्त दिलं होतं. सोबत मास्तरांचा फोटो होता आणि त्याखाली 'सॅक्सोफोन दुरुस्त करताना' असं छापून आलं होतं. तिसऱ्या दिवशी मास्तर एसटीने महाडला आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, पायात काळे बूट. कात्रण त्यांनी टेबलावर ठेवलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"सॅक्सोफोन पितळेचा असतो. हे लाकूड आहे. याला बेस क्लॅरिनेट म्हणतात. दुरुस्ती छापा."

"छापतो. बसा, चहा घ्या."

"दुरुस्ती आली की घेईन."

दुरुस्ती आली. तीत 'बस क्लॅरिनेट' असं छापलेलं होतं. पुढचा आठवडाभर पोलादपूर स्थानकावर मास्तरांना लोक विचारत होते, "मास्तर, ही बस कापड्याला थांबते का?" मी माफी मागायला गेलो, तेव्हा दोन्ही कात्रणं त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली शेजारी शेजारी ठेवलेली दिसली.

"दुरुस्तीची दुरुस्ती मागत नाय," ते म्हणाले. "तुमच्याकडे गळती कुठे आहे ते कळलं मला."

"कुठे?"

"वर. तुम्ही बरोबर लिहिलं असणार."

मी 'बेस'च लिहिलं होतं. काना-मात्रेची तपासणी वरच्या टेबलावर झाली होती. त्या दिवशी मला चहा मिळाला.

'गळती वर असते' हे त्यांचं मुख्य तत्त्व होतं, आणि ते त्यांनी वाद्यातूनच घेतलं होतं. क्लॅरिनेटचा सगळ्यात खालचा सूर काढायचा तर वरपासून खालपर्यंतची सगळी भोकं एकाच वेळी घट्ट बंद लागतात. त्यातलं एकही भोक केसभर उघडं राहिलं, तर वरचे सूर कसेबसे निभावतात. खालचा निभावत नाही. तो घोगरा होतो, मग फुटतो, मग त्याच्या जागी एक किंकाळी येते. वाजवणारा खालच्या चाव्या तपासत बसतो. दोष तिथे नसतो. "खालच्या सुराला वरच्या सगळ्यांची पापं भोगावी लागतात," असं मास्तर गिऱ्हाइकांना सांगत. गिऱ्हाइकं हसत. मास्तर हसत नसत.

प्रत्येक वाद्याला त्यांच्या वहीत एक पान असे. पानावर ठरलेल्या क्रमाने सहा ओळी: वाजवणारा, रीड, जोड, गाद्या, स्प्रिंगा, लाकूड. रीड म्हणजे फुंकायच्या टोकाला बसवलेली, ओठांत धरायची वेताची पातळ पट्टी. तपासून झालं की ओळीसमोर खूण. हा क्रम ते कधीच मोडत नसत. एकदा बिरवाडीहून एक जण आला. कारखान्यात पाळीवर काम करायचा आणि हंगामात बँडमध्ये वाजवायचा. क्लॅरिनेट चांगलं होतं, जवळजवळ नवं.

"खालचा वाजतच नाय मास्तर. दुकानदाराने फसवला."

"तोंड उघड."

"माझं?"

"मग काय क्लॅरिनेटचं? आ कर."

वरचा एक दात नव्हता. महिन्याभरापूर्वी काढलेला. तिथून हवा निसटत होती. मास्तरांनी क्लॅरिनेट पेटीत ठेवलं, पेटी त्याच्या हातात दिली.

"वाद्य बरं आहे," ते म्हणाले. "दाताच्या डॉक्टरकडे जा."

तो माणूस वर्षभर हे बिरवाडीत सांगत फिरला. पुढे बँडवाल्यांमध्ये 'वाद्य बरं आहे' ही शिवी झाली. कोणी बेसूर वाजवलं की बाकीचे एवढंच म्हणत.

गळती शोधायची त्यांची पद्धत गावाला करमणूक होती. तारेच्या टोकाला लावलेला बारीक दिवा ते नळीत सोडत आणि वाद्यासकट स्वतःला घोंगडीत गुंडाळून घेत. अंधारात ज्या गादीच्या कडेने उजेड झिरपे, ती गादी गळकी. हे भर दुपारी पडवीत चाले. रस्त्यावरून जाणाऱ्यांना खुर्चीवर बसलेली एक काळी घोंगडी दिसे आणि समोर उभ्या राहिलेल्या त्यांच्या पत्नी, पार्वतीकाकी, त्या घोंगडीशी बोलत असत.

"अवो, च्या निवली."

"झाकून ठेव."

"तुमालाच झाकून ठेवलाय नव्हं."

काकींचं माहेर महाडजवळचं नाते गाव. लग्न होऊन त्या कापड्याला आल्या त्या इथेच राहिल्या. मास्तर मुंबईत बॅरॅकमध्ये, काकी भातशेतीत. सव्वीस वर्षांत मास्तरांचं वाजवणं त्यांनी सुट्टीपुरतं ऐकलं होतं. "तवा वाटायचा, येवढा बारीक वाजवायला येवढा मोठा माणूस कशाला लागतो," असं त्या म्हणत.

बेस क्लॅरिनेट मास्तर निवृत्त होताना आलं. बँडमधलं ते वाद्य निर्लेखित झालं होतं, म्हणजे कागदोपत्री भंगार ठरलं होतं. मास्तरांनी ते लिलावात घेतलं. उभं ठेवलं तर छातीपर्यंत येणारी काळी नळी, वर हंसाच्या मानेसारखी वाकलेली धातूची मान, खाली वर वळलेलं पितळी तोंड. गावाने त्याला हुक्का म्हटलं. "मास्तर, हुक्का भरला काय?" हा प्रश्न त्यांनी दहा-बारा वर्षं ऐकला. "भरलाय. तू ओढू नको, मरशील," हे उत्तर त्यांनी दहा-बारा वर्षं दिलं.

दुरुस्ती करायला त्यांना दोन पावसाळे लागले. गाद्या स्वतः कापल्या, स्प्रिंगांना शिवणाच्या सुया वापरल्या. वाद्य वाजलं तेव्हा काकी चुलीपाशी होत्या. फडताळातली भांडी वाजली असं त्यांनी मला सांगितलं. तेव्हापासून मास्तर रोज संध्याकाळी दिवे लागायच्या आधी तो सगळ्यात खालचा सूर एकदा लांब धरायचे. त्याला चाल नसे. एक सूर, श्वास संपेपर्यंत. काकी हातातलं काम थांबवत नसत, पण तेवढा वेळ बोलतही नसत.

मास्तरांच्या वाद्यावर दुसरं कोणी तोंड ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच्या माउथपीसवर तेही तोंड ठेवत नसत. गिऱ्हाइकाचं क्लॅरिनेट तपासताना ते स्वतःचा माउथपीस बसवत, वाजवून झालं की धूत, पुसत आणि डबीत ठेवत. "ओठाची वस्तू आहे," असं म्हणत. माउथपीस उष्टा होतो, हे वाक्य मी त्यांच्या पडवीत पहिल्यांदा ऐकलं.

मनोहर हा त्याच नाते गावचा क्लॅरिनेटवाला. वय पंचेचाळीसच्या पुढे. बँड त्याच्या वडिलांचा, आता त्याचा. वाजवणं त्यांच्या घरात चार पिढ्यांचं. महाडात पुराचं पाणी शिरलं त्या वर्षी त्याच्या गाळ्यातली सगळी वाद्यं चिखलात गेली होती. मास्तरांनी ती भाताच्या तुसात पुरून वाळवली आणि एकेक उभं केलं. त्यानंतर मनोहर दर गुरुवारी कापड्याला येऊ लागला, कारण गुरुवारी त्याच्याकडे सुपारी नसे. तो गाद्या बसवायला शिकला, घोंगडीत बसायलाही शिकला. मास्तरांपेक्षा त्याचा कान चांगला होता, असं मास्तर त्याच्या पाठीमागे म्हणत. तोंडावर "बरं" म्हणत.

सुरुवातीच्या काळात कधीतरी मनोहरने विचारलं होतं, "मास्तर, हुक्क्यावर एकदा फुंकून बघू?"

"नको," मास्तर म्हणाले. "ओठाची वस्तू आहे."

मनोहर पुढेही दर गुरुवारी आला. पण काकींनी चहा आणला की तो म्हणे, "आत्ताच घेतला." काकी तरी कप ठेवत, आणि नंतर तसाच भरलेला उचलून नेत. हे वर्षानुवर्षं चाललं. नाते गावातल्या एका लग्नात मनोहरने मला त्याचा अर्थ सांगितला. बँड थांबला होता, तो क्लॅरिनेटमधलं पाणी झटकत होता.

"आमचा हात चालतो त्यांना," तो म्हणाला. "तोंड नाय चालत."

पत्रकाराने दुसरी बाजू विचारायची असते. मी मास्तरांना विचारलं नाही.

मास्तरांच्या मनात एक गोष्ट बरीच वर्षं होती. कापड्याच्या शिमग्याच्या पालखीपुढे गावच्या वाजंत्र्यांचा खालूबाजा असतोच. त्याच्यामागे मनोहरचा बँड असतो. त्या बँडमध्ये बेस क्लॅरिनेट घेऊन पालखीबरोबर एकदा देवळापासून सहाणेपर्यंत, म्हणजे पालखी टेकवतात त्या चौथऱ्यापर्यंत, चालायचं. "बँडला डोकं आहे, पाय नाय," ते म्हणत. पालखीच्या चालीला खालची साथ त्यांनी स्वतः लिहिली होती. ती सगळी खालच्या तीन सुरांवर उभी होती. मनोहर आणि मास्तरांनी ठरवलं, येत्या शिमग्याला वाजवायचं.

त्याच वर्षी श्रावणात खालचे तीन सूर जायला लागले. आधी सगळ्यात खालचा घोगरा झाला. गणपतीपर्यंत तो धरला की मध्येच किंचाळू लागला. दसऱ्याला तिन्ही सूर नुसती हवा झाले.

मास्तरांनी वही काढली. पाऊस जास्त झालाय, लाकूड हललं असेल, असं त्यांनी मला सांगितलं. ऐकू येणारी फुसफुस वरून, धातूच्या मानेच्या जोडापाशी, म्हणजे त्यांच्या चेहऱ्याजवळ होत होती. त्यांनी जोडाचं बूच बदललं. फुसफुस राहिली. पुन्हा बदललं. तिसऱ्यांदा मुंबईहून मुलीकरवी चांगलं बूच मागवलं. दिवाळीनंतर सगळ्या गाद्या काढून नव्या बसवल्या. सिगारेटच्या कागदाची बारीक पट्टी प्रत्येक गादीखाली धरून ओढून पाहिली. सगळ्या गाद्या कागद घट्ट धरत होत्या. घोंगडीत तास तास बसले. कुठूनही उजेड येत नव्हता.

या काळात तिथे आणखी काही गोष्टी घडत होत्या. मी त्या पाहिल्या आणि त्यांची नोंद घेतली नाही. मास्तर गिऱ्हाइकांची वाद्यं स्वतः वाजवून बघेनासे झाले होते. "तुम्ही वाजवा, मी ऐकतो," असं ते म्हणू लागले. मला ती वयाची सवलत वाटली. चहा ते बशीतून पीत आणि बशीतला चहा डाव्या बाजूने सदऱ्यावर ओघळे.

"अवो, सांडतंय."

"बशीची कड फुटली आहे."

काकींनी दुसऱ्या दिवशी नवी बशी दिली. तीतूनही सांडलं. मास्तरांनी बशी उजेडात धरून तिची कड बोटाने चारी बाजूंनी तपासली.

"ही पण तशीच," ते म्हणाले.

मी निघालो तेव्हा काकी गोठ्यापर्यंत आल्या. "भाऊ, तुमी सांगा त्यांना," त्या म्हणाल्या. "मनोहरला नीट हाकही मारता येत नाय त्यांना. 'म' फुटतो. दाराआड जाऊन म्हणून बघतात." मी सांगतो म्हटलं. मास्तरांना खालच्या सुराबद्दल विचारलं की ते अर्धा तास बोलत. त्यात मला जागा सापडली नाही.

पौष संपला. शिमगा महिन्यावर आला. माघातल्या एका गुरुवारी सकाळी मी कापड्याला पोहोचलो, तेव्हा मनोहर आधीच आलेला होता. टेबलावर वाद्य जोडून उभं होतं. वही उघडी होती. मी ते पान वाचलं. सहा ओळी. रीडपासून लाकडापर्यंत पाच ओळींसमोर खुणा होत्या, काहींसमोर तीन-तीन, चार-चार. पहिली ओळ 'वाजवणारा'. तिच्यासमोर कोरं होतं.

मनोहरही तेच पान बघत होता.

"मास्तर," तो म्हणाला, "हितली खूण राहिली."

मास्तर खिडकीकडे बघत होते. मग त्यांनी गळ्यातला पट्टा काढला, वाद्य दोन्ही हातांनी उचललं आणि मनोहरच्या पुढे धरलं.

"फुंक."

"माझा माउथपीस ह्याला बसत नाय. लहान हाय."

"ह्यानेच फुंक."

मनोहरने वाद्य घेतलं नाही. "नको मास्तर," तो म्हणाला. "उष्टं होईल."

"तेच बघायचंय," मास्तर म्हणाले. 'ब' नीट उमटला नाही.

मनोहरने पट्टा गळ्यात घातला. आयुष्यात पहिल्यांदा तो हे वाद्य वाजवत होता, त्यामुळे बोटं शोधायला त्याला थोडा वेळ लागला. मग त्याने फुंकलं. तिन्ही सूर आले. सगळ्यात खालचा तर इतका भरून आला की टेबलावरच्या काचेखालची कात्रणं थरथरली. स्वयंपाकघरात काकींचा चमचा थांबला. मनोहरने सूर लगेच तोडला, जणू हात भाजला होता.

तो माउथपीस काढून नळाकडे निघाला. धुवायला. मास्तरांनी हात पुढे केला. मनोहर थांबला. मास्तरांनी त्याच्या हातातून माउथपीस घेतला, धुतला नाही, पुसलाही नाही, तसाच मानेवर बसवला आणि ओठांत धरला. फुंकलं. ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून हवा फुसफुसत बाहेर पडली. त्यांनी पुन्हा फुंकलं. तिसऱ्यांदा डावा गाल हाताने दाबून धरला आणि फुंकलं. तेव्हा खालचा सूर क्षणभर लागला आणि गेला.

मास्तरांनी वाद्य स्टँडवर ठेवलं.

"वाद्य बरं आहे," ते म्हणाले.

वहीतल्या पहिल्या ओळीसमोर त्यांनी खूण केली. पेन बंद करून खिशाला लावलं. काकी तीन कप चहा घेऊन आल्या. त्या दिवशी मनोहर चहा प्यायला.

मुंबईच्या डॉक्टरांनी मज्जातंतूंचा आजार सांगितला. सुरुवात ओठ आणि जिभेपासून झाली होती, पुढे गिळणं आणि मग श्वास. औषध नव्हतं. मास्तरांनी डॉक्टरांना विचारलं, वाजवल्याने बिघडलं का. डॉक्टर नाही म्हणाले. न वाजवल्याने थांबेल का, असं विचारलं. त्यालाही नाही म्हणाले. हे मला त्यांच्या मुलीने सांगितलं. "बाबांना बरं वाटलं ते ऐकून," ती म्हणाली. "का ते कळलं नाही."

शिमग्याला बेस क्लॅरिनेट पालखीबरोबर गेलं. मनोहरने ते पट्ट्याने गळ्यात अडकवलं होतं. महिन्याभरात त्याने ती साथ बसवली होती. मास्तर त्याच्या उजव्या हाताला, इस्त्रीच्या सदऱ्यात आणि काळ्या बुटांत. देवळापासून सहाणेपर्यंत चढ आहे. खालूबाजा, ढोल, ताशा आणि बँडचे कर्णे यांच्यात बेस क्लॅरिनेट ऐकू आलं नाही. मी चार हातांच्या अंतरावर चालत होतो. गावातल्या कोणालाही ते ऐकू आलं नसावं. एकाने ओरडून विचारलं, "मनोहर, हुक्का भरलाय का रिकामाच?" मास्तर सगळी वाट आपला तळवा वाद्याच्या पितळी तोंडावर उपडा धरून चालले. मध्ये एकदा त्यांनी माझा हात ओढून तिथे ठेवला. हाताला सूर लागत होता.

पावसाळ्यात त्यांचं बोलणं गेलं. ते सिगारेटच्या कागदावर पेन्सिलीने लिहू लागले. ढीग होताच घरात. अक्षर बारीक होतं, कागदाला शोभेल असं. भाद्रपदात मी त्यांना, सात-आठ वर्षं उशिरा, तो प्रश्न विचारला: मनोहरला तेव्हा वाद्य का दिलं नाही. त्यांनी दोन कागद भरले. पहिल्यावर होतं: 'बॅरॅकमध्ये माझ्या शेजारच्याला क्षय झाला. आम्ही एकच माउथपीस वापरायचो. तो गेला, मी राहिलो.' दुसऱ्यावर होतं: 'मनोहरला काय वाटलं ते मला माहीत होतं. सांगायला हवं होतं. वाटलं, हे काय सांगायचं.'

कागद मी मनोहरला दाखवले. त्याने दोन्ही वाचले, घडी घातली आणि खिशात ठेवले. पुढच्या गुरुवारी तो नेहमीच्या वेळेला आला.

तोपर्यंत गुरुवारचा क्रम ठरला होता. मास्तर पडवीत खाटेवर, उशांना टेकून. मनोहर नऊच्या सुमारास येई, वाद्य जोडी आणि सगळ्यात खालचा सूर एकदा लांब धरी. सुरू करताना मास्तर तर्जनी उचलत. सूर त्यांना हवा तेवढा झाला की बोट खाली येई, मनोहर थांबे. काकी मास्तरांच्या तोंडाची कड पुसत. मग चहा. मास्तरांना चमच्याने. मी अशा तीन गुरुवारी हजर होतो. तिन्ही वेळी बोट खाली यायला, मला वाटलं त्याहून जास्त वेळ लागला. मनोहरचा श्वास संपत आलेला असे.

मी मास्तरांना शेवटचं कार्तिकात पाहिलं. हात उचलायला त्यांना काकींची मदत लागत होती. निघताना मी नमस्कार केला. त्यांनी कागद मागितला. त्यावर एकच शब्द लिहिला: 'बेस'. एकारावर पेन्सिल दोनदा गिरवली होती. कागद माझ्याकडे आहे.

मार्गशीर्षातल्या त्या गुरुवारी फोन आला तेव्हा दहा वाजायचे होते. मी पावणेअकराला कापड्याला पोहोचलो. पडवीत गावातली माणसं जमली होती. मास्तरांना आत नेलं होतं. मनोहर ओट्याच्या पायरीवर बसला होता. सकाळी काय झालं, असं मी त्याला विचारलं. त्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

काकींच्या सांगण्यानुसार त्या चुलीपाशी होत्या. मनोहर आला, सूर सुरू झाला, फडताळातली भांडी वाजली. मग सूर चालूच राहिला. इतका वेळ तो कधी चालला नव्हता. थांबून पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला, पुन्हा सुरू झाला. त्या बाहेर आल्या तेव्हा मास्तरांचं बोट वरच होतं, असं त्या म्हणतात. खाली आलंच नव्हतं. हात उशीच्या आधाराने तसा राहिला असावा, असं मुलीचं म्हणणं आहे. काकींच्या सांगण्याला दुसऱ्या कोणाचा दुजोरा नाही. मनोहर त्याबद्दल बोलत नाही.

टेबलावर वाद्य जोडलेलंच होतं. माउथपीसवर टोपण लावलेलं होतं. मी ते काढलं. रीडला बोट लावून पाहिलं. रीड अजून ओली होती.